राज्यघटनेची दवंडी

आमच्या गावात सरकार यायचं ते डफड्यावर बसून. कागद तालुक्याहून यायचा, तलाठी तो चावडीत मोठ्यानं वाचायचा, पण तोवर सगळं कागदापुरतंच. कोतवालानं डफडं गळ्यात अडकवून चावडीपासून सुरुवात केली, सगळ्या गल्ल्या घेतल्या आणि मागच्या गल्लीतल्या निंबाखाली शेवटची थाप मारली, की हुकूम लागू. एखादी गल्ली राहिली, तर त्या गल्लीपुरता हुकूम झालेलाच नाही. ह्यात कोणालाही काही वावगं वाटत नसे.

शेर जाऊन किलो आला तेव्हाची गोष्ट. मागच्या गल्लीत एक तांबडं कुत्रं होतं. ते कोतवालावर धावलं आणि दवंडी गल्लीच्या तोंडावरूनच परत फिरली. पंधरा दिवस त्या गल्लीत शेरानं ज्वारी मोजली गेली आणि उरलेल्या गावात किलोनं. वजनमापांचे एक साहेब तपासणीला आले, तर गल्लीच्या तोंडाशीच म्हाताऱ्यांनी त्यांना पाणी दिलं आणि समजावून सांगितलं की साहेब, आमच्याकडे अजून जुनंच चालू आहे, नव्याची दवंडी आलेली नाही. साहेबांनी थोडा वेळ कपाळ धरलं. मग कोतवालाच्या हातात एक काठी दिली आणि त्याला त्या गल्लीत पाठवलं. शिकलेले होते, पण दिवस मावळायच्या आत त्यांना पुढचं गाव गाठायचं होतं.

हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे मी जे केलं ते वाचून कोणाला वाटेल की ह्या माणसाचं डोकं फिरलं होतं. फिरलं नव्हतं. मी फार भ्यालो होतो, एवढंच.

मी मूळचा तिथला नव्हे. माझं घर कोकणात, समुद्राच्या काठी. पाचवीत अपूर्णांकांची गणितं चालू होती तेव्हा वडील गेले आणि शाळा सुटली. मामाकडे शिवणकाम शिकलो आणि एका फिरत्या नाटक कंपनीत कपडेपटावर लागलो. राजाची बाराबंदी, राणीचं पोलकं, राक्षसाची शेपटी, जे फाटेल ते शिवायचं. कंपनी गावोगाव करत तापीकाठच्या प्रकाशा गावी यात्रेला आली, तिथं मालक आजारी पडले आणि कंपनी परत फिरली. मी फिरलो नाही. का, तर ब्राह्मणपुरीच्या पलीकडच्या ह्या गावातली एक बाई यात्रेत भेटली होती आणि भाचीच्या लग्नासाठी तिनं सहा पोलकी शिवायला टाकली होती. चार झाली होती. अर्धं काम टाकून जायचं माझ्या जिवाला जमेना. दोन पोलकी शिवून होताच निघायचं असं ठरवून मी माझं मशीन बैलगाडीत चढवलं. त्याला किती वर्षं झाली ते आता मोजत नाही.

ती बाई म्हणजे सरपंचांची बायको. मी तिला काकी म्हणायचो, तिच्या नवऱ्याला आबा. घर मोठं, केळीचं आणि कापसाचं. ह्या लोकांचे वाडवडील गुजरातेतून आले होते, आणि आबा रागात आले की अहिराणी सोडून गुजरातीत शिरत. काकीनं मला घराच्या बाहेरचा ओटा बसायला दिला, दुपारची भाकरी दिली, आणि ताकाला कधी नाही म्हणाली नाही. तो ओटा आठवला की आजही माझे हात आपोआप जोडले जातात. कोकणातला आहे म्हटलं तर लोक विचारत, नवापूरकडच्या कोकणी आदिवासींतला का? समुद्राकडचा म्हटलं तर हसत. समुद्र सुरतेला असतो आणि तिथं शिंपी नसतात, असं त्यांचं मत होतं.

ट्रंक मी कधी पुरती उघडली नाही. वरचे दोन कपडे काढायचे, धुऊन वाळवून परत वरच ठेवायचे. डफडं वाजलं की मशीनवरचा पाय थांबायचा. वाटायचं, हे आपल्याबद्दलच असणार. चार वेळा नव्हतं. पाचव्या वेळी होतं.

कारण फुग्याच्या बाह्या. भाचीच्या लग्नात ती पोलकी गावानं पाहिली आणि पुढच्या आठवड्यात ओट्यासमोर बायांची रांग लागली. गावात आधीपासून एक म्हातारे शिंपी होते. ते माप घेत नसत. माणूस दारातून येताना बघायचे आणि कापड कापायचे. पुरुषांचं त्यात निभायचं, बायांचं निभत नव्हतं. मी मापाला जुनं पोलकं मागायचो, ते उलटं करून बघायचो. त्या म्हाताऱ्यांचं गिऱ्हाईक माझ्याकडे वळलं, आणि ते आबांचे लहानपणापासूनचे मित्र. पंचायतीत ठराव झाला: गावाबाहेरच्या माणसाने गावठाणात धंदा करू नये, बसला असेल त्याने येत्या बाजारापूर्वी उठावे. ओटा आबांच्या घरचा, ठरावही आबांचाच. घरात काकीचं चाले आणि चावडीत आबांचं, आणि दोघांना त्यात काही अडचण दिसत नव्हती.

कोतवाल माझ्या ओट्यापाशी आला. अंगात मी शिवलेला सदरा. त्यानं डफड्यावर अगदी हळू थाप मारली, जणू आत कोणी झोपलंय, आणि ठराव पुटपुटला. मग वाकून म्हणाला, "मास्तर, हाई सरपंचनं शे. मन्हं नही."

बाजाराला सात दिवस होते. दुसऱ्या दिवशी मला शहाद्याला जायचंच होतं, कोर्टातल्या एका वकीलसाहेबांचा काळा कोट अस्तर बदलून द्यायचा होता. कोट मी त्यांच्या हातात उलटाच दिला, अस्तर बाहेर, तर त्यांनी विचारलं काय झालं. मी सांगितलं. ते हसले. मला त्यांचं हसणं आवडलं नाही, पण मग त्यांनी कपाटातून एक जाड पुस्तक काढलं. राज्यघटना, मराठीत. त्यांच्याकडे दोन होत्या. म्हणाले, पंचायतसुद्धा सरकारच आहे, लहान असली तरी. आणि सरकारनं काय करायचं आणि काय करायचं नाही, ते ह्यात लिहिलंय. एकोणिसावं कलम वाच. भारताच्या कोणत्याही भागात राहायचा, कोणताही धंदा करायचा हक्क नागरिकाला आहे. रस्त्यात मशीन मांडू नको, घाण करू नको, असं पंचायत सांगू शकते. पण तू परका म्हणून ऊठ, हे ती सांगू शकत नाही. हे वाचून दाखव आणि विचार, कोणत्या कायद्यानं?

मी त्यांच्या पाया पडलो. त्यांनी पाय मागे घेतले आणि कोटाची बटणं नीट लावली आहेत ना, ते बघितलं.

परतीच्या वाटेवर बैलगाडीत मी वाचत आलो. पाचवीचा माणूस, जोडाक्षरांना अडखळत होतो. पण एक गोष्ट मला कळत गेली आणि अंगावर काटा येत गेला. मला आजवर वाटायचं की सरकार म्हणजे ज्याच्या वर कोणी नाही. इथं तर पानापानावर सरकारलाच सांगितलं होतं, हे करायचं नाही, ते असं करायचं, अमक्याला विचारून करायचं. एवढ्या मोठ्या सरकारशी इतक्या स्पष्ट शब्दांत बोलणारं कोणी असू शकतं, हे मला माहीतच नव्हतं. गोमाई नदी ओलांडताना मी गाडीत उभा राहिलो. गाडीवानानं विचारलं, उलटी होतेय का?

संध्याकाळी चावडीत पंच बसले होते. मी पुस्तक छातीशी धरून उभा राहिलो आणि एकोणिसावं कलम वाचलं. आवाज फाटला होता.  आबांनी पुस्तक हातात घेतलं, वजन बघितलं, उलटंपालटं केलं. माणूस कोत्या मनाचा नव्हता. त्यांना खरोखरच एक अडचण दिसली होती, आणि ती त्यांनी मांडली.

"पुस्तक खरं व्हई," ते म्हणाले. "पन त्या पुस्तकनी दवंडी आमना गावमा फिरनी का?"

सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. फिरली नव्हती. देश स्वतंत्र झाल्याची फिरली होती, मतदानाची फिरली होती, देवीच्या लशीची, टोळधाडीची, किलोची फिरली होती. राज्यघटनेची फिरली नव्हती. एक पंच म्हणाले की एवढं मोठं पुस्तक इतकी वर्षं दवंडीवाचून पडून राहिलं, ही तालुक्याची चूक आहे. दुसरे म्हणाले, म्हणूनच आपल्याकडे काही होत नाही.

आता वकीलसाहेब असते तर म्हणाले असते की घटनेला दवंडी लागत नाही. मी म्हणालो नाही. मला त्या क्षणी आबांचं म्हणणं बरोबर वाटलं. ज्याला सांगितलंच नाही, त्याच्याकडून मागायचं कसं? माझ्या तोंडून निघून गेलं, मग फिरवू या.

कोपऱ्यात बसलेला कोतवाल उठला. "मी फिरावसू," तो म्हणाला.

आबांनी विचार केला आणि दोन अटी घातल्या. अर्धी दवंडी ही दवंडी नव्हे, म्हणून पुस्तक पहिल्या कलमापासून शेवटच्या यादीपर्यंत फिरलं पाहिजे. आणि ते बाजाराच्या आधी संपलं पाहिजे, कारण बाजारापासून ठराव लागू. मी मागचं पान उघडलं. तीनशे पंच्याण्णव कलमं आणि त्यावर नऊ याद्या. हातात पाच दिवस.

रात्रभर मला जे वाटलं ते सांगत नाही.

पद्धत अशी ठरली. मी पुढे चालत कलम वाचायचं, कोतवालानं ते ऐकून अहिराणीत मोडायचं आणि डफड्यावर द्यायचं. मामलेदाराचे दोन दोन पानांचे हुकूम तो तीन वाक्यांत बसवत आला होता, तेव्हा सार सांगितलं तरी चालेल असं पंचांनी मान्य केलं. सकाळी उन्हं चढेपर्यंत आणि परत दिवस कलल्यावर. एका फेरीत दहा-वीस कलमं घ्यायची आणि फेरी सगळ्या गल्ल्यांतून करायची, मागच्या गल्लीत काठी घेऊन. त्याची सुरुवात मला अजून पाठ आहे. "आयका हो आयका. सरकारना वर एक पुस्तक शे. त्यामा लिखेल शे ते सरकारलेबी आयकनं पडस."

पहिल्या गल्लीत दहा माणसं होती. दुसऱ्या गल्लीत ती दहा आणि आणखी वीस. कापूस वेचायला निघालेल्या बाया टोपल्यांसह थांबल्या. चौदावं कलम झालं, कायद्यापुढं सगळे सारखे, आणि एका बाईनं विचारलं, सासूसुद्धा? कोतवालानं माझ्याकडे बघितलं. मी पुस्तकात बघितलं. सासूचा वेगळा उल्लेख नव्हता. मी तसं सांगितलं, तर ती टोपली खाली ठेवून हसत सुटली.

सतरावं कलम विहिरीपाशी आलं. मुद्दाम तसं आलं की कोतवालानं चाल तशी धरली होती, हे मला आजही माहीत नाही. ह्या विहिरीपाशी तो दवंडी द्यायचा ती नेहमी पलीकडच्या दगडापाशी उभा राहून. मी वाचलं, अस्पृश्यता नष्ट करण्यात आली आहे. त्यानं ते अहिराणीत मोडलं, एकदा, दोनदा, तीनदा. मग चालत पुढे आला, विहिरीच्या कट्ट्यावर चढला, डफडं कट्ट्यावर ठेवलं आणि पोहरा आत सोडला. दोन म्हातारे उठून गेले. आबा तिथंच होते आणि पूर्ण दवंडी फिरवायचा हुकूम त्यांचाच होता. कोतवाल सावकाश प्यायला, तोंड पुसलं, आणि एवढ्या माणसांसमोर म्हणाला, "हाई पानी तं मचूळ शे. आमनं गोडं शे."

आधी काकीला हसू फुटलं. मग सगळ्या बायांना. शेवटी जे हसत नव्हते त्यांना दुसरीकडे बघावं लागलं. डफडं उचलून तो पुढच्या गल्लीत शिरला आणि त्या दिवसापासून त्याची चाल वेगळी झाली.

मग गावाला चढतच गेलं. अठरावं कलम, सरकारनं किताब द्यायचे नाहीत. आबांच्या वडलांना इंग्रजांनी पागोटं आणि एक बिल्ला दिला होता, तो दिवाणखान्यात काचेत होता. लोक खिडकीतून तो बघून आले. एकोणिसावं माझं होतं, ते मी मान वर न करता वाचलं. विसावं कलम, एकाच गुन्ह्यासाठी दोनदा शिक्षा नाही आणि कोणाला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडायचं नाही. हे पुरुषांना इतकं आवडलं की त्यांनी ते कोतवालाकडून परत म्हणवून घेतलं. त्या संध्याकाळी यात्रेहून उशिरा आलेल्या एका गृहस्थांनी बायकोला सांगितलं की मी कुठं होतो हे विचारायचा तुला अधिकार नाही. बायकोनं भाकरी दिली नाही. भाकरीबद्दल पुस्तकात काही नव्हतं. बाविसावं कलम, पकडलेल्या माणसाला चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढं न्यायचं. पोलीस पाटलांनी एका कोंबडीचोराला दोन दिवस चावडीत बसवून ठेवलं होतं. ते दवंडी ऐकत ऐकतच मागच्या मागे गेले आणि त्याला सोडून आले. कोंबडी ज्यांची होती ते चिडले, पण काय करतात.

तेविसावं, वेठ घ्यायची नाही. हे म्हणताना कोतवालाच्या दुसऱ्या हातात आबांची छत्री होती. तो थांबला. छत्रीकडे बघितलं. आबांनी हात पुढं केला आणि आपली छत्री आपण घेतली. उन्हात ती त्यांना नीट उघडता येईना. इतकी वर्षं उघडली नव्हती.

दुसऱ्या दिवशी चाळिसावं कलम आलं आणि आबा आनंदानं लाल झाले. ग्रामपंचायती स्थापन कराव्यात, त्यांना अधिकार द्यावेत. दिल्लीत बसलेल्या लोकांनी पुस्तक लिहिताना आपल्या पंचायतीची आठवण ठेवली, हे त्यांना खरं वाटेना. त्यांनी ते कलम प्रत्येक गल्लीत दोनदा म्हणायला लावलं. मी उरलेली पानं चिमटीत धरून बघत होतो, कारण वेळ जात होता. रोज ऐंशी कलमं व्हायला हवी होती आणि आम्ही दीड दिवसात चाळीसला होतो. पुढे राष्ट्रपती, मंत्री, संसद, कोर्टं. मला वाटलं लोक कंटाळून शेताला जातील आणि आपण वेगानं निघू. ते गेले नाहीत. एकसष्टावं कलम ऐकून मागचे लोकही पुढे सरकले. राष्ट्रपतींनी घटना मोडली तर त्यांनाही काढता येतं.

एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं विचारलं, "राष्ट्रपतीलेबी?"

"राष्ट्रपतीलेबी," कोतवाल म्हणाला. "पन नुसतं मनमा उनं म्हनीसन नही. रीत शे."

म्हाताऱ्यानं बराच वेळ मान हलवली. मग बाजूच्या बैलाच्या नाकाकडे बोट दाखवून म्हणाला, "म्हनजे सरकारलेबी येसन शे."

हे गावभर झालं. दवंडी पुढे आणि तिच्या मागे पोरंटोरं, बाया, म्हातारे, सगळे म्हणताहेत, सरकारलेबी येसन शे. कायद्यावाचून पट्टी बसवायची नाही, येसन शे. कायद्यावाचून तिजोरीतला पैसा काढायचा नाही, येसन शे. मला आयुष्यात इतकी गंमत कधी वाटली नव्हती आणि इतकी भीतीही. तीनशे बावन्नावं कलम आणि त्यापुढची मी हळू आवाजात वाचली, कारण त्यात लिहिलं होतं की देशावर संकट आलं तर ही येसन काही काळ सैल होऊ शकते. कोतवालानं ते ऐकलं, माझ्याकडे बघितलं, आणि मीच हळू वाचलं म्हणून त्यानं दुप्पट जोरात सांगितलं. दवंडीत लपवायचं नसतं, म्हणाला.

चौथ्या दिवशी दुपारी दोन गोष्टी घडल्या. एक म्हणजे तालुक्याहून एक पट्टेवाला आला. कोणी साहेब दौऱ्यावर निघाले होते आणि त्यांच्या सामानासाठी आबांच्या तीन बैलगाड्या पाठवायच्या, असा निरोप होता. असे निरोप नेहमी येत आणि गाड्या नेहमी जात. कापसाचे दिवस असोत की नसोत. आबा ओट्याच्या पायरीवर उभे होते, मी मशीनपाशी पुस्तक घेऊन बसलो होतो, गल्ली माणसांनी भरली होती.

"कागद दखाड," आबा म्हणाले. "कोनता कायदा शे?"

पट्टेवाल्याला आधी कळलंच नाही. मग त्यानं सांगितलं की कागद नाही, साहेबांनी तोंडी सांगितलंय. आबांनी त्याला गूळपाणी दिलं आणि नम्रपणे सांगितलं की कागद आला की गाड्या येतील. तो गेल्यावर आबा इतके खूष होते की पायरीवरच गोल फिरले. गल्लीत कोणी टाळी वाजवली.

काकी दारात तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही. "आनि तुम्ही मास्तरले कोनता कागद दखाडा?"

 आबांचा चेहरा मला दिसत होता. राग नव्हता त्यावर. छत्री उघडता येत नव्हती तेव्हा होता तसा चेहरा. ते पायरी चढले. मग म्हणाले, दवंडी पुरी होऊ द्या, मग बघू. अट ती अट. आणि आत निघून गेले.

दुसरी गोष्ट वाईट होती. संध्याकाळी कोतवालाचा आवाज गेला. पुरता गेला. तीनशे सत्तरच्या आसपास तो तोंड उघडायचा आणि नुसती हवा यायची. त्याला हळद-दूध दिलं, ज्येष्ठमध दिलं, काही नाही. सकाळी तो डफडं घेऊन हजर होता, पण घसा तसाच. बाजार उद्यावर आला होता आणि पंचवीस कलमं आणि नऊ याद्या शिल्लक. मी ओट्यावर बसून ट्रंकेला कुलूप लावलं. 

काकी बाहेर आली, पदर खोचला आणि कोतवालाला म्हणाली, तू नुसतं वाजव. ज्वारी भरात आली की मळ्यातल्या माळ्यावर उभी राहून ती पाखरं हाकायची, आणि तिची हाक तापीच्या पलीकडे जाते असं लोक म्हणत. बाईमाणसानं दवंडी दिलेली गावानं कधी ऐकली नव्हती. एका पंचांनी तसं म्हणायला सुरुवात केली, तर काकीनं त्यांना पंधरावं कलम म्हणून दाखवलं. स्त्री म्हणून भेद करायचा नाही. विहिरीवर ऐकून तिनं पाठ केलं होतं.

मग मी वाचलं, कोतवालानं वाजवलं आणि काकीनं सांगितलं. तीनशे पंच्याण्णव झालं तेव्हा उन्हं उतरली होती. याद्यांवर ती वाऱ्यासारखी गेली. आठव्या यादीत भाषा होत्या, चौदा. मराठी आली, गुजराती आली, आबा दारातून जरा हसले. यादी संपली. लोकांनी विचारलं, आमची बोली? मी परत बघितलं. नव्हती. पाच दिवस ज्या बोलीत राज्यघटना फिरली, ती बोली त्यात नव्हती. कोतवालानं डफड्यावर दोन थापा जास्त मारल्या. त्याचा घसा बसलेला होता म्हणून बरं. नववी यादी मागच्या गल्लीच्या तोंडाशी संपली आणि तांबड्या कुत्र्यानं काकीला बघून शेपटी आत घेतली. निंबाखाली शेवटची थाप पडली. राज्यघटना आमच्या गावाला लागू झाली.

आबा चावडीत गेले. पंच बसले. फार वेळ लागला नाही. त्यांनी मला बोलावून सांगितलं की हा ठराव करायचा पंचायतीला अधिकार नव्हता, तो रद्द. म्हातारे शिंपीही तिथं होते. मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. त्यांची भीती माझ्याच जातीची होती, मी ती ओळखत होतो. मी म्हणालो, सदरे आणि बंड्या मी शिवणार नाही. ते म्हणाले, असलं कलम आहे का पुस्तकात? नाही म्हटल्यावर म्हणाले, मग मेहेरबानी नको, शीव. पण पुढे मी पुरुषांचे कपडे कधी शिवले नाहीत. फक्त कोतवालाचा सदरा.

एवढं झालं, आणि मी हात जोडून निघालो तर आबांनी थांबवलं. ठराव रद्द झाल्याची दवंडी फिरली नव्हती. उद्या बाजार. आज ती फिरली नाही तर उद्या जुना ठराव लागू. कोतवालाला आवाज नाही. काकीनं हात वर केले, तिचाही घसा बसला होता. पंच एकमेकांकडे बघू लागले. मग सगळे माझ्याकडे.

मी आजवर चारचौघांत अहिराणी बोललो नव्हतो. समजायची सगळी, पण लाज वाटायची. मी डफडं गळ्यात घातलं. कोतवाल बाजूला चालू लागला, थाप कशी मारायची ते हवेत दाखवत. पहिल्या गल्लीत माझ्या तोंडून जे निघालं ते ना कोकणातलं ना खानदेशातलं. ओट्याओट्यावरून लोकांनी ते दुरुस्त केलं, पोरांनीसुद्धा, आणि पुढच्या गल्लीत मी दुरुस्त केलेलं म्हटलं. पाचव्या गल्लीपर्यंत मला वाटायला लागलं की मी दुसऱ्याच कोणाबद्दल सांगतोय, फार चांगला माणूस आहे, त्याला राहू द्यायला हवं. हसू आवरत नव्हतं.

मागची गल्ली राहिली. तिच्या तोंडाशी काकी नव्हती, काठी नव्हती, आणि निंबाखाली तांबडं कुत्रं उभं होतं. ही गल्ली सोडली तर ह्या एका गल्लीपुरता मी कायम परका. ज्वारी शेरानं मोजणारी गल्ली होती ती. मला माहीत होतं की हे लोक हे खरंच धरतील, दुष्टपणानं नव्हे, नियम म्हणून.

मी आत गेलो. निंबापर्यंत गेलो. जोरात थाप मारली आणि डोळे मिटून म्हणालो, "आयका हो आयका. समुद्रकडला शिंपी आठेच ऱ्हाई. त्याले कोनी उठाडानं नही."

कुत्र्यानं ते पूर्ण ऐकून घेतलं. मग धोतराचा सोगा धरला आणि टर्रकन फाडला. गल्लीतली माणसं काठ्या घेऊन धावली, आणि मी डफड्यासह ओट्याकडे पळालो, मागे सगळं गाव हसत. धोतर शिवायला सुई हवी होती, ती ट्रंकेत. कुलूप काढलं आणि सुई शोधता शोधता सगळी ट्रंक ओट्यावर रिकामी केली. परत भरली नाही.